पाडव्याची रात्र, लंडनची फायनल : टी-वन ३, बीएलजी २

अंबडचा_मिडलेनर (धागाकर्ता)
३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

मंडळी, रात्री झोपायला दोन वाजले. सकाळी इंदिरानगरला बहिणीकडे ओवाळून घेतलं, जेवण झालं आणि आता तिच्याच गच्चीत बसून हे लिहितोय. काल लीग ऑफ लेजंड्स या कॉम्प्युटर गेमच्या जागतिक स्पर्धेची, म्हणजे वर्ल्ड्सची, फायनल झाली. लंडनच्या ओ-टू अरीनात टी-वनने बीएलजीला ३-२ हरवलं. दिवाळीच्या गडबडीत ज्यांना पाहायला जमलं नाही, त्यांच्यासाठी आठवतंय तेवढं सगळं लिहितो. ज्यांनी पाहिली त्यांनी आपापलं मत मांडाच.

आधी थोडं मागचं. बीएलजी म्हणजे बिलिबिली गेमिंग, चीनची. यंदा चीनच्या लीगचे स्प्रिंग आणि समर हे दोन्ही किताब त्यांनीच घेतले. टी-वन कोरियाची, गतविजेती, पण यंदा वर्ल्ड्सला येता येता राहिली असती. कोरियाच्या चार जागांपैकी शेवटची चौथी जागा, तीसुद्धा कोरियाच्याच केटीला ३-२ हरवून मिळवलेली. एक गेम इकडचा तिकडे झाला असता तर हा धागाच निघाला नसता.

या दोघींचं जुनं भांडण आहे. २०२३ च्या एमएसआयमधून, म्हणजे वर्षाच्या मधल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून, टी-वनला बाहेर काढलं बीएलजीने. २०२४ च्या एमएसआयमधूनही बीएलजीनेच. मधे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सेमीफायनलला कोरियाने चीनला हरवलं, तेव्हा चीनच्या संघात बिन, नाइट, एल्क हे तिघं होते आणि कोरियाच्या संघात झ्यूस, फेकर, केरिया. म्हणजे काल समोरासमोर बसलेल्या दहा जणांपैकी सहा जणांचा तो हिशेबही बाकी होता.

टी-वन : झ्यूस, ओनर, फेकर, गुमायुसी, केरिया.
बीएलजी : बिन, शुन, नाइट, एल्क, ऑन.

आमच्याकडे बायकोने संध्याकाळी पाडव्याचं ओवाळलं, दोन घरी फराळाला जाऊन आलो आणि टीव्हीसमोर बसलो. लंडनमध्ये तेव्हा भर दुपार. लिंकिन पार्कचा कार्यक्रम झाला, चषक आला. माझं सगळं लक्ष ड्राफ्टकडे, म्हणजे कोण कोणता चॅम्पियन (गेममधलं पात्र) घेतो त्याकडे, होतं.

पहिला गेम बीएलजीने अक्षरशः चेपला. टी-वनला श्वास घ्यायलाही जागा मिळाली नाही. दुसऱ्यात टी-वनने तसंच्या तसं परत केलं. तिसरा पुन्हा बीएलजी. या तिन्ही गेममध्ये जो पुढे गेला तो पुढेच राहिला, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. २-१ झालं तेव्हा ग्रुपवर मित्रांनी "झोपा आता" असं लिहिलं होतं. खरं सांगतो, माझ्याही पोटात गोळा आला होता.

आता चौथा गेम. फेकरने सायलस घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : सायलस हा कैदी आहे, त्याच्या मनगटांना तुटलेल्या बेड्यांच्या साखळ्या लटकतात. साखळी फेकली आणि ती शत्रूला लागली की सायलस स्वतः त्याच्याकडे खेचला जातो. आणि समोरच्याचं अल्टी, म्हणजे सगळ्यात मोठं अस्त्र, तो चोरू शकतो. म्हणजे हा चॅम्पियन घेतल्यावर तुम्ही लांब उभं राहून खेळूच शकत नाही. शत्रूच्या अंगावर जावंच लागतं.

गेमच्या मधोमध आमचं नेट गेलं. राउटरवरचा लाल दिवा बघून मी फोनचा हॉटस्पॉट लावला, लॅपटॉप खिडकीत ठेवला आणि उरलेला गेम उभ्याउभ्या पाहिला. चित्र अधूनमधून चौकोनी चौकोनी व्हायचं, पण सायलसची साखळी सुटलेली बरोबर दिसायची. बीएलजीचे पाच जण लढाईसाठी आपापली जागा घेतायत, पुढे टँक, मागे एल्क, आणि ती मांडणी पुरी व्हायच्या आत फेकर त्यांच्यात शिरलेला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी वाटायचं, हा आता मेला. त्याच्या अंगावर पाचही जण आपली सगळी अस्त्रं टाकायचे, आणि तेवढ्यात बाकीचे चौघे आत आलेले असायचे. बाहेर खालच्या चाळीत कुणीतरी माळ लावली तेव्हाच चौथा गेम संपला. २-२.

पाचव्यात गेलिओ. दगडाचा, पंखांचा, अवजड राक्षस. त्याचं हत्यार असं की बटण दाबून धरायचं, तोवर तो सावकाश चालतो, आणि सोडलं की आजूबाजूच्या शत्रूंना आपोआप त्याच्याकडेच वळून मारावं लागतं. नुकसान फारसं करत नाही तो. बाकीच्यांसाठी मार खातो. फायनलचा पाचवा गेम, जगातला सगळ्यात नावाजलेला मिडलेनर (मधल्या रस्त्यावरचा खेळाडू), आणि त्याने घेतलाय मार खाणारा चॅम्पियन! गेम बराच वेळ कुणाच्याच बाजूला झुकत नव्हता. मग फेकर बटण दाबून धरायचा, फ्लॅश मारून, म्हणजे क्षणात पुढे झेप घेऊन, बीएलजीच्या मधोमध उतरायचा आणि सोडायचा. नाइट आणि एल्कला आपलं काम करायला जे दोन सेकंद लागतात, नेमके तेच दोन सेकंद तो त्यांच्याकडून काढून घेत होता.

बीएलजीचा नेक्सस (किल्ल्याचा गाभा, तो फुटला की गेम संपला) फुटला तेव्हा घरात सगळे झोपले होते. मी ओरडू शकलो नाही. गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

फेकर फायनलचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. २०१३, २०१५, २०१६, २०२३ आणि आता २०२४, पाचवा वर्ल्ड्स. वर्ल्ड्समध्ये ५०० किल पूर्ण करणारा तो पहिला खेळाडू, तेही या फायनलमध्येच. माझा जन्म १९९६ चा, त्याचाही १९९६ चाच. तो २०१३ मध्ये सतराव्या वर्षी पहिला चषक उचलत होता, तेव्हा मी कॉलेज रोडवरच्या एका कॅफेत तासाचे पैसे देऊन हा गेम शिकत होतो. तेव्हाचा फेकर म्हणजे हात. समोरच्याला एकट्याने मारणारा. कालचा फेकर सगळ्यात आधी उडी घेणारा होता. अकरा वर्षांत मला तो इतका कधीच आवडला नव्हता. माझ्या मते टी-वन काल जिंकली ती त्या पहिल्या उडीमुळे.

---

पंचवटी_टॉपलेन
३ नोव्हेंबर २०२४

सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. पण मी बीएलजीचा, म्हणजे खरं तर बिनचा. त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

२०२० च्या फायनलला बिन सुनिंगकडून खेळला होता. दुसऱ्या गेममध्ये फिओरा घेऊन त्याने पेंटाकिल केली, म्हणजे समोरच्या पाचही जणांना एकट्याने मारलं. वर्ल्ड्सच्या फायनलमधली ती पहिली पेंटाकिल. तरी त्याचा संघ डॅमवनकडून १-३ हरला. चार वर्षांनी पुन्हा फायनल, पुन्हा हार. काल शेवटी कॅमेरा बीएलजीच्या बाजूला गेला तेव्हा मला स्क्रीनकडे बघवलं नाही.

तुम्ही पहिल्या आणि तिसऱ्या गेमवर एकेक ओळ लिहिलीत, हे मला पटलं नाही. त्या दोन्ही गेममध्ये बीएलजी लेनमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या आपापल्या रस्त्यावरच्या लढतीत, सरळ सरळ सरस होती. टी-वनच्या लेन मोडल्या, तिथेच गेम संपले. म्हणजे खेळाडू म्हणून बीएलजी कमी पडली नाही. चौथ्या-पाचव्यात लेन बऱ्यापैकी बरोबरीत राहिल्या आणि प्रश्न टीमफाइटचा, म्हणजे पाच-पाच जणांच्या एकत्र लढाईचा, झाला. टीमफाइटमध्ये टी-वनला हरवणं अवघड, हे गेली तीन वर्षं सगळ्यांना माहीत आहे. बीएलजीने गेम तिथवर जाऊच द्यायला नको होता. माझं सगळं दुःख याचंच आहे.

---

खोखो_मास्तर
३ नोव्हेंबर २०२४

मी निवृत्त क्रीडाशिक्षक. या खेळातलं मला काही कळत नाही. नातू दिवसभर हेच बोलतो म्हणून धागा उघडला. लेखन आवडलं. दोन शंका आहेत. पाच-पाच जणांचे संघ, मग जिंकायचं नेमकं काय? आणि "पहिली उडी" म्हणजे आपल्या कबड्डीतली चढाई समजायची का?

---

अंबडचा_मिडलेनर
३ नोव्हेंबर २०२४

@पंचवटी_टॉपलेन, मान्य. पहिल्या आणि तिसऱ्या गेमला मी न्याय दिला नाही. बिनबद्दल लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं. त्याच्याइतका निडर टॉपलेनर सध्या दुसरा नाही.

@खोखो_मास्तर, सर, नमस्कार. दोन्ही संघांचा एकेक किल्ला असतो, मैदानाच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत. किल्ल्याच्या आत असतो नेक्सस. तो फोडला की गेम जिंकला. मधे तीन रस्ते, त्यांना लेन म्हणतात : वरचा टॉप, मधला मिड, खालचा बॉट. रस्त्यांवर बुरूज, आणि रस्त्यांच्या मधे जंगल. वरच्या रस्त्यावर एक, मधल्यावर एक, खालच्यावर दोन आणि जंगलात एक, असे पाच जण. सुरुवातीला सगळे आपापल्या रस्त्यावर कमाई करतात, मग एकत्र येऊन लढतात. अर्धा-पाऊण तास चालतो एक गेम. असे पाचांत तीन जिंकायचे.

कबड्डीचं म्हणाल तर फरक एवढाच की चढाईपटूला परत यायचं असतं. गेलिओ परत यायचा विचार करून जात नाही. त्याने आत पाच जणांना आपल्यात गुंतवलं की त्याचं काम झालं, पुढचं मागच्या चौघांनी बघायचं. खो-खोत मला याच्या जवळचं वाटतं ते पोल डाइव्ह. पूर्ण अंग झोकून दिल्याशिवाय ते होतच नाही.

---

वॉर्ड_आणि_धुकं
४ नोव्हेंबर २०२४

मी सपोर्ट (खालच्या लेनमधला मदतनीस) खेळते, म्हणून केरियाबद्दल कुणीच काही लिहिलेलं नाही हे मला खुपलं.

या गेममध्ये नकाशावर धुकं असतं. आपला माणूस किंवा आपला वॉर्ड जिथे असेल तेवढंच दिसतं. वॉर्ड म्हणजे छोटासा दिवाच समजा, ठरावीक वेळ जळतो आणि विझतो. फेकर ज्या बाजूने आत शिरला, तिथे शत्रूचा दिवा असता तर बीएलजीला तो येताना दिसला असता आणि सगळे मागे सरकले असते. तो दिवा आधी कुणीतरी विझवलेला असतो. लढाई सुरू व्हायच्या अर्धा मिनिट आधी केरिया आणि ओनर जोडीने काय करत होते ते पाहा. नदीकाठचं एकेक झुडूप तपासत जातात, शत्रूचा वॉर्ड फोडतात, आपला लावतात आणि मागे येऊन उभे राहतात. कास्टर, म्हणजे समालोचक, तेव्हा दुसरंच काहीतरी बोलत असतात. उडी सगळ्यांना दिसते. ती घ्यायला जो अंधार लागतो, तो कुणीतरी करून ठेवलेला असतो.

एमव्हीपी फेकरच, यात वाद नाही. पण पाचवा गेम पुन्हा पाहाल तेव्हा एकदा फक्त नकाशाच्या कोपऱ्याकडे बघत पाहा. मी काल रात्री तसा पाहिला.

---

अंबडचा_मिडलेनर
४ नोव्हेंबर २०२४

आत्ता कामावरून आल्यावर तसाच पाहिला. पटलं. इतकी वर्षं मिड खेळून ही नजर मला नव्हती.

---

गंगापूररोड_१९
६ नोव्हेंबर २०२४

दादा, मी बारावीला आहे. मलाही प्रो व्हायचंय. घरी सांगितलं तर पप्पा बोलायचेच बंद झाले. नाशिकमधून लीग ऑफ लेजंड्स खेळून काही होऊ शकतं का? खरं सांगा.

---

नाशिकरोडचा_कॅफेवाला
६ नोव्हेंबर २०२४

बाळा, मी सात वर्षं कॅफे चालवतोय, म्हणून मी सांगतो. माझ्याकडे रोज संध्याकाळी मशीन भरलेली असतात, पण लीग खेळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळे व्हॅलोरंट, आणि फोनवर बीजीएमआय. याचं कारण साधं आहे. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे. लीगचा भारतात नाही, आपल्याकडची पोरं सिंगापूरला जोडून खेळतात. बटण दाबल्यापासून गोष्ट घडेपर्यंतचा जो क्षणभराचा उशीर होतो, तो रोजच्या खेळात चालून जातो. फेकरची फ्लॅश मात्र त्या क्षणभरातच होते. कोरियातलं पोरगं पहिल्या दिवसापासून त्या उशिराशिवाय खेळतं.

बारावी नीट दे. खेळ सोड असं मी म्हणत नाही. माझ्याकडे येणारी दोन पोरं स्थानिक स्पर्धांचं कास्टिंग मराठीत करतात, फार सुंदर बोलतात. एक जण व्हिडिओ एडिटिंगवर घर चालवतो. स्टेजवर बसणारे दहाच असतात, त्यांच्याभोवती काम करणारे शेकडो.

---

अंबडचा_मिडलेनर
६ नोव्हेंबर २०२४

कॅफेवाल्या काकांशी पूर्ण सहमत. पप्पांशी बोलताना एवढं सांगता येईल : डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणलं. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पदकं होती, आणि भारताचा लीगचा संघ तिथे क्वार्टरफायनल खेळला. व्हिएतनामकडून हरला, पण खेळला. हे पैशांच्या जुगारी ॲपपेक्षा वेगळं आहे, हा फरक आधी समजावून सांग. बहुतेक आईवडिलांची भीती तिथेच असते.

आणि फेकर रोज किती तास सराव करतो हे पप्पांना सांगू नकोस. त्याऐवजी तुझा अभ्यासाचा तक्ता दाखव.

---

खोखो_मास्तर
७ नोव्हेंबर २०२४

पोरा, पप्पांना एकदा तुझा खेळ शेजारी बसवून दाखव. माझ्याकडे खो-खोला येणाऱ्या मुलींच्या घरी मी वर्षानुवर्षं हेच सांगत आलो. मैदानावर आलेले पालक पुन्हा नाही म्हणत नाहीत.

---

पंचवटी_टॉपलेन
१० नोव्हेंबर २०२५

वर्षभराने धागा वर काढतोय. कालची फायनल पाहिली का कुणी?

चेंगडूला टी-वन विरुद्ध केटी. गेल्या वर्षी ज्या केटीला ३-२ हरवून टी-वन कशीबशी वर्ल्ड्सला आली होती, तीच केटी काल फायनलमध्ये समोर. पहिला टी-वन, दुसरा-तिसरा केटी, चौथा-पाचवा टी-वन. पुन्हा ३-२! सलग तीन वर्ल्ड्स, आजवर कुणालाच न जमलेलं.

मधल्या काळात झ्यूस हानवा लाइफ या दुसऱ्या संघात गेला, त्याच्या जागी डोरान आला. आणि एमव्हीपी कोण, तर गुमायुसी. वर्षाच्या सुरुवातीला त्याला बाकावर बसवून त्याच्या जागी स्मॅश या खेळाडूला खेळवत होते, तोच गुमायुसी!

---

अंबडचा_मिडलेनर
१० नोव्हेंबर २०२५

पाहिली तर! रविवार होता, सकाळी सगळे मिसळ खाऊन थेट कॅफेवाल्या काकांकडे. यंदा नेट गेलं नाही.

टी-वन आणि केटीच्या लढतीला कोरियात टेलिकॉम वॉर म्हणतात, कारण दोन्ही संघ दोन मोठ्या मोबाइल कंपन्यांचे. नव्या लोकांसाठी एक जुनी आठवण सांगतो. ३१ ऑगस्ट २०१३, कोरियाच्या लीगची समर फायनल. केटी बुलेट्स २-० ने पुढे. तिथून एसकेटी, म्हणजे आजची टी-वन, ३-२ ने जिंकली. पाचव्या गेममध्ये फेकरकडेही झेड हा सावल्या सोडणारा चॅम्पियन आणि समोरच्या र्यूकडेही झेडच. फेकरचं रक्त संपत आलेलं, र्यू मारायला आलेला, आणि बघता बघता मेला र्यू. सावल्यांचा तो खेळ मी कॅफेत मित्राच्या खांद्यावरून पाहिला होता. आमच्यापैकी कितीतरी जण तो तुकडा पाहूनच या गेमकडे आले. बारा वर्षांनी तेच दोन झेंडे, तोच ३-२.

यंदा फिअरलेस ड्राफ्ट आहे, हे फार महत्त्वाचं. मालिकेत एकदा कुणीही घेतलेला चॅम्पियन पुढच्या गेमना बाद. पाचव्या गेमपर्यंत गेलात तर दोन्ही संघ मिळून पन्नास वेगवेगळे चॅम्पियन लागतात. म्हणजे ज्याच्या पोतडीत दोन-तीनच हत्यारं, तो पाचव्या गेमला रिकाम्या हाताने उभा. असा नियम असताना सलग दोन गेम जिंकून मालिका फिरवायची! गुमायुसीबद्दल काय लिहू? त्याची जागा कधी जाईल याची चर्चा रोज चालू असताना तो सरावाला येत राहिला.

केटीसाठी मात्र जीव तुटला. त्यांचा मिडलेनर बीडीडी इतकी वर्षं या दिवसासाठी खेळला. सेमीला जेनजी या कोरियाच्याच संघाला ३-१ हरवलं तेव्हा वाटलं होतं, यंदा त्याचंच.

---

वॉर्ड_आणि_धुकं
१० नोव्हेंबर २०२५

बीडीडीसाठी मीही रडले. आणि केरियाबद्दल यंदाही कुणी लिहिलं नाही, म्हणून मीच लिहिते : सलग तीन वर्षं, तीन चषक, आणि तिन्ही वेळा खालच्या लेनमध्ये गुमायुसीच्या शेजारी तोच.

---

गंगापूररोड_१९
११ नोव्हेंबर २०२५

सगळ्यांना नमस्कार. बारावी झाली, इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला. शनिवार-रविवार कास्टिंग शिकतोय. परवाची फायनल पप्पांनी माझ्यासोबत पाहिली, पाचही गेम. फार बोलले नाहीत. चौथ्या गेमनंतर म्हणाले, "चहा टाक, पाचवा बघायचाय."

---

खोखो_मास्तर
११ नोव्हेंबर २०२५

आनंद झाला रे पोरा. आमच्याकडेही नातवाने शेवटचा गेम लावून दिला होता. चॅम्पियनची नावं मला अजून पाठ होत नाहीत. पण आत उडी कोण घेणार, हे शेवटी शेवटी मला दोनदा नातवाच्या आधी कळलं.